पेटीतला कागद

(साहाय्यक मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला नवापूर भागातल्या कामाचा अहवाल द्यायला सांगितलं आहे. वर्षभराच्या कामाचे आकडे छापून आपल्या हातात दिलेले आहेत, ते आपण घरी वाचालच. आज मी एका कागदाची गोष्ट सांगणार आहे. ती सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण तिच्यातली चूक बरीचशी माझीच आहे.

ज्या बहिणीची ही गोष्ट आहे तिचं नाव मी घेणार नाही. तिने मला सांगितलं, "गोष्ट सांगा बाई, पण नाव नको. पैशाचं कळलं की लोक दारात येतात." म्हणून आपण तिला नुसतं ताई म्हणू. रक्कम किती, हेही मी सांगणार नाही.

ताई भिल्ल समाजातली आहे. तिचा पाडा नवापूरपासून आत, डोंगराच्या कडेला आहे. आपल्यापैकी काहींनी नवापूरचं रेल्वे स्टेशन पाहिलं असेल. ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. तिथल्या माणसांचं आयुष्यही असंच आहे. घर या राज्यात, मजुरी त्या राज्यात. पाऊस संपला की बारडोली, व्याराच्या बाजूला ऊसतोडीला जायचं. जोडपं मिळून एक कोयता. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाकडे जायचं.

ताईच्या नवऱ्याने मात्र काही वर्षांनी ऊसतोड सोडली आणि गुजरातमधल्या कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात काम धरलं. तिथेही मुकादमामार्फतच लागला होता. महिन्यातून एकदा घरी यायचा. 2011 च्या पावसाळ्यात तापाने फणफणत घरी आला, आठ दिवस अंथरुणावर होता आणि घरीच वारला. तेव्हा ताई सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. मोठी मुलगी सात वर्षांची होती, धाकटा मुलगा अजून अंगावर पीत होता.

त्या वर्षी नाताळाच्या आधी आम्ही त्या पाड्यावर ब्लँकेट वाटायला गेलो, तेव्हा ताई मला पहिल्यांदा भेटली. विधवांच्या यादीत आम्ही तिचं नाव घातलं. तेव्हापासून दरवर्षी नाताळात तिला ब्लँकेट किंवा लुगडं, दहा किलो तांदूळ आणि तेलाची पिशवी दिली. आपणच दिलेल्या दानातून ते जात होतं आणि ते वाया गेलं असं मी म्हणत नाही. थंडीत पांघरूण लागतंच. पण 2011 ते 2021 असे अकरा नाताळ मी तिच्या दारात उभी राहिले, तिच्याबरोबर चहा प्याले, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या अकरा वर्षांत एक साधा प्रश्न मी तिला विचारला नाही: तुझा नवरा कुठे कामाला होता?

तो प्रश्न 2022 च्या जूनमध्ये निघाला, तोही योगायोगाने. संजय गांधी निराधार योजनेसाठी आम्ही पाड्यावर अर्ज भरत होतो. ताईला म्हटलं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला दे. तिच्याकडे तो नव्हता. मृत्यू घरी झाला होता, ग्रामपंचायतीत कुणी नोंद केली नव्हती. मी म्हटलं, निदान त्याच्या नावाचा कसला तरी कागद असेल ना? ती गप्प राहिली. मग आत गेली. बराच वेळ आली नाही. शेवटी तिने पत्र्याची पेटी बाहेर आणून ठेवली. तळाशी, लग्नातल्या लुगड्याच्या घडीत, प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता. तो माझ्या हातात देताना ती म्हणाली, "बाई, हे कुणाला दाखवू नका. यावर त्याचं कर्ज लिहिलेलं आहे."

ती त्याच्या पगाराची चिठ्ठी होती. गुजरातीत आणि इंग्रजीत छापलेली, घडीवर विरलेली.

तिला वाचता येत नव्हतं. मुकादमाच्या वहीत अंगठा उठवायचा आणि त्यावरचा आकडा म्हणजे कर्ज, एवढंच छापील कागदाबद्दल तिला लहानपणापासून माहीत होतं. घरावर कौलं घालण्यासाठी नवऱ्याने मुकादमाकडून पैसे उचलले होते. त्यातले किती फिटले हे तो सांगून गेला नव्हता. उद्या मुकादम दारात येईल आणि नवऱ्याच्या उचलीसाठी मुलीला कोयत्यावर न्यायची म्हणेल, ही भीती तिच्या मनात होती. म्हणून अकरा वर्षं तिने तो कागद लपवून ठेवला. मी विचारलं, मग जाळून का नाही टाकलास? ती म्हणाली, "त्याच्या नावाचा तेवढाच एक कागद घरात होता."

त्या चिठ्ठीवर पगाराच्या खाली कापलेल्या रकमा होत्या, आणि त्यांत भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा रकाना होता. वर खाते क्रमांक होता. आधी गुजरातची अक्षरं, मग कार्यालयाची खूण, मग कारखान्याचा आकडा आणि शेवटी कामगाराचा आकडा.

इथे मला थोडी माहिती सांगू द्या, कारण आपल्या मंडळ्यांतही अशी घरं असतील. कारखान्यातल्या कामगाराचा पीएफ कापला जातो तेव्हा मालकही तेवढाच हिस्सा भरतो. मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. 16 नोव्हेंबर 1995 पासून ही कर्मचारी पेन्शन योजना लागू आहे. पुष्कळांना वाटतं की दहा वर्षं नोकरी झाल्याशिवाय काहीच मिळत नाही. दहा वर्षांची अट कामगाराला स्वतःला मिळणाऱ्या मासिक पेन्शनसाठी आहे. कामगार नोकरीत असताना वारला आणि त्याच्या नावावर एका महिन्याची वर्गणी जरी भरलेली असली, तरी त्याच्या विधवेला पेन्शन मिळते. ती हयात असेपर्यंत किंवा पुन्हा लग्न करेपर्यंत मिळते. शिवाय एका वेळी दोन मुलांना, वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत, प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या पाव हिश्शाइतकी रक्कम मिळते. आणि ही पेन्शन अर्जाच्या तारखेपासून धरत नाहीत, मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात.

मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. आपल्याच मंडळीतले एक निवृत्त बंधू पूर्वी एका कारखान्यात हिशेबनीस होते. त्यांना मी चिठ्ठीचा फोटो पाठवला. त्यांनी तासाभरात फोन केला आणि विचारलं, "या बाईंना अकरा वर्षं पेन्शन का मिळाली नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर वीस महिने गेले. सगळं सांगत बसत नाही, फक्त अडथळे कुठे आले ते सांगते.

पहिला अडथळा मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, पंचनामा, साक्षीदार, नोंद नसल्याचा दाखला. ताईची मजुरी बुडू नये म्हणून आम्ही शक्य तितक्या फेऱ्या स्वतः घातल्या, तरी सात महिने लागले.

दुसरा अडथळा नावाचा. कारखान्यात मुकादमाने त्याचं पाड्यावरचं हाकेचं नाव लिहिलं होतं आणि रेशनकार्डावर शाळेतलं नाव होतं. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करायला पुन्हा कागद.

तिसरा अडथळा, कारखाना बंद पडला होता. अर्जावर मालकाची सही शिक्का लागतो, आणि मालकच नाही. अशा वेळी राजपत्रित अधिकाऱ्याकडून अर्ज साक्षांकित करून घेता येतो, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म 10-डी, दोनदा परत आला. एकदा फोटोवरून आणि एकदा मुलाच्या जन्मदाखल्यावरून.

तिथे एका टेबलावर आम्हाला कुणी बसाही म्हटलं नाही. पण दुसऱ्या टेबलावरच्या एका तरुण कारकुनाने जुन्या नोंदी काढून त्या क्रमांकाखालची वर्गणी शोधून दिली. ताई त्याला म्हणाली, "देव तुला बरं करो." तो म्हणाला, "मावशी, हे तुमचंच आहे."

ताई आपल्या मंडळीची सभासद नाही. तिच्या घरात तिचे देव आहेत. या वीस महिन्यांत एका बंधूंनी मला विचारलं, "ती उपासनेला येते का?" मी त्यांना प्रेमाने सांगितलं की मी तिला तसं विचारलेलं नाही आणि या कामाच्या बदल्यात विचारणारही नाही. अडलेल्या माणसाच्या हातात एका हाताने हक्काचा कागद आणि दुसऱ्या हाताने आमंत्रण दिलं, तर त्याला ते आमंत्रण उचलीसारखंच वाटेल. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं तेव्हा परत येण्याची अट घातली नव्हती.

2024 च्या फेब्रुवारीत पैसे जमा झाले. आम्हाला कुणी आधी कळवलं नव्हतं. ताई रोजगार हमीची मजुरी आली का ते बघायला बँकेत गेली होती. पासबुक छापून बाहेर आलं, खिडकीतल्या बाईंनी रक्कम वाचून दाखवली, तशी ताई घाबरली. म्हणाली, "हे माझे नाहीत. चुकून आले असतील, ज्याचे आहेत त्याला परत द्या." बँकेतून मला फोन आला. मी पोचले तेव्हा ती पायरीवर बसली होती, पासबुक पदराखाली झाकून.

आता आज वाचलेल्या शास्त्रपाठाकडे वळते. 2 राजे, आठवा अध्याय. शुनेमच्या बाईची ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट, तिच्या मुलाला अलीशाने जिवंत केल्याची, आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. ही दुसरी आपण क्वचितच वाचतो, कारण तिच्यात मोठा चमत्कार नाही. दुष्काळ पडणार म्हणून ती घर सोडून पलिष्ट्यांच्या देशात गेली. सात वर्षांनी परत आली तर घर आणि शेत दुसऱ्यांच्या हातात. तिचा पती म्हातारा होता हे चौथ्या अध्यायात सांगितलं आहे. इथे तो दिसतच नाही. ती स्वतः राजाकडे दाद मागायला जाते. राजा काय करतो? तो तिला धान्याची गोणी देऊन वाटेला लावत नाही. तो एक अधिकारी नेमतो आणि हुकूम देतो की तिचं जे होतं ते तिला परत द्या, आणि ती गेली त्या दिवसापासून आजपर्यंत शेताचं जे उत्पन्न झालं तेही द्या.

मी धर्मशिक्षणाचा डिप्लोमा केला तेव्हा हा अध्याय परीक्षेसाठी वाचला होता. त्यातला मागच्या उत्पन्नाचा हुकूम तेव्हा माझ्या डोळ्यांखालून नुसता गेला. बँकेच्या पायरीवर ताईच्या शेजारी बसले असताना तो आठवला. त्या बाईला मिळालं ते दान नव्हतं, मागची बाकी होती. ताईलाही तेच मिळालं. तिच्या नवऱ्याने रंगाच्या वाफेत उभं राहून केलेल्या कामाची ती मजुरी होती, आणि ती साडेबारा वर्षं अडून राहिली होती. अडवलेल्या मजुरीबद्दल याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात काय म्हणतो ते आपण घरी जाऊन वाचा.

त्या गोष्टीत गेहजी आहे. बाई दारात येते त्याच वेळी तो राजाला तिची हकिकत सांगत असतो. बंधुभगिनींनो, मला वाटतं आपल्या कार्याचं काम गेहजीचं आहे. ज्याच्या हातात देण्याचा अधिकार आहे त्याच्यासमोर तिची हकिकत नीट, कागदासह मांडायची. अकरा वर्षं मी ते काम केलं नाही, कारण मी तिच्याकडे गरजू बाई म्हणून पाहिलं. तिचं कुणाकडे काही येणं असेल, असं माझ्या मनातच आलं नाही.

पैसे मिळाले म्हणजे सगळं भरून आलं, असं मी म्हणणार नाही. ताईच्या मुलीने सातवीत शाळा सोडली. घरात भागत नव्हतं म्हणून आईबरोबर ऊसतोडीला गेली, आणि लवकर लग्न होऊन सासरी गेली. मुलांच्या हिश्शाची ती रक्कम तेव्हा महिन्याच्या महिन्याला येत असती, तर कदाचित ती शिकली असती. थकबाकीत पैसे परत येतात, पण मुलीची आठवी परत येत नाही. उशिराची ही बाजूही आपण पाहिली पाहिजे.

महिन्याची पेन्शनही मोठी नाही. 1 सप्टेंबर 2014 पासून या योजनेत विधवेला किमान 1000 रुपये मिळतात. ताईला त्याहून थोडे जास्त मिळतात. एवढ्यात घर चालत नाही. पण ताई मला म्हणाली, "आता दुकानदार उधारीला नाही म्हणत नाही." थकबाकीतून तिने आधी गहाण टाकलेलं शेत सोडवलं. मुलगा आश्रमशाळेत आहे, त्याच्या नावावर काही ठेवलं. दीर येऊन म्हणाला की भावाच्या पैशांत आमचाही वाटा आहे. ताईने त्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं, "वाटा नाही. जेव."

या अनुभवानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. आता नाताळाच्या यादीत नाव घालण्याआधी प्रत्येक विधवा बहिणीला चार प्रश्न विचारतो. नवरा कुठे कुठे कामाला होता? पगारातून काही कापून घेत होते का? मृत्यूची नोंद झाली आहे का? आणि घरात त्याच्या नावाचा कागद, ओळखपत्र, बिल्ला, काहीही शिल्लक आहे का? दर वेळी पेन्शन निघतेच असं नाही. बहुतेक घरांत काहीच निघत नाही, कारण मजुराचं नाव कुठे लिहिलेलंच नसतं. पण विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आज माझी मागणी आहे. ब्लँकेट थांबवू नका, ती लागतात. त्याबरोबर मला आपला वेळ हवा आहे. आपल्यांत बँकेतून, रेल्वेतून, कचेऱ्यांतून, कारखान्यांच्या हिशेब खात्यांतून निवृत्त झालेले कितीतरी जण आहेत. जो फॉर्म मला पर्वतासारखा वाटतो तो आपण चहा पिता पिता भरता. महिन्यातून एक शनिवार द्या, आम्ही कागद घेऊन येऊ. प्रवास, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं यांना खर्च येतो, त्यालाही हातभार लावा. पेन्शनच्या अर्जाला फी नसते. तरी काही दलाल थकबाकीतला हिस्सा मागतात, त्यांच्यापासून या बहिणींना सांभाळायचं आहे. आणि पेन्शन चालू झाली म्हणजे काम संपलं असं नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. कोयता धरून बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या की यंत्र अंगठा ओळखत नाही. आता चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, पण ती करून द्यायला शेजारी कुणीतरी मोबाइल घेऊन बसावं लागतं. तुमच्या मंडळीतला कॉलेजात जाणारा मुलगाही ते करू शकेल.

शेवटी त्या दिवशीचं एक राहिलं.

बँकेच्या पायरीवर मी ताईला सगळं पुन्हा समजावून सांगितलं. हे तुझेच आहेत, नवऱ्याच्या कामाचे आहेत, कुणी परत मागणार नाही. तिने ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मग त्याची उचल? ती फिटली होती का?"

माझ्या पिशवीत त्या चिठ्ठीची झेरॉक्स होती. वीस महिने मी ती बरोबर घेऊन फिरत होते, शेकडो वेळा तिच्यावरचा खाते क्रमांक वाचला होता. मुकादमाची उचल पगारातूनच कापली जायची, हे ताईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण पीएफच्या खालचा रकाना मी कधी नीट पाहिला नव्हता. मी चिठ्ठी उघडली आणि तिचं बोट त्या जागेवर ठेवलं. तिथे बाकी उचलीसमोर शून्य होतं. शून्य तिला ओळखता येतं.

ती बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो कुणाचं देणं ठेवून गेला नाही."

साडेबारा वर्षं तिला हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू, तू विधवांचा कैवारी आहेस. ज्यांचं येणं अडून राहिलं आहे त्यांच्या दारात आम्हाला पाठव, आणि तिथे काय विचारायचं ते आम्हाला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.